दूधओढ्याकाठची विहीर, सतरा हिस्से

लिहून ठेवणार : सावळाराम म्हस्कू रुपनवर, वय वर्षे अठ्ठेचाळीस, शिक्षण सातवी, धंदा शेती, राहणार आसरावस्ती, दूधओढ्याकाठी, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे.

हा कागद मी माझ्या घराच्या ओसरीवर बसून माझ्याच हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. असे लिहावे लागते, असे इंदापूरच्या दस्तलेखकांनी सांगितले. गावात याबद्दल दोन मते आहेत, तरी लिहितो. मला कोणी धमकावलेले नाही, दारू पाजलेली नाही. भुलवण्याचा प्रयत्न झाला, तो योग्य जागी येईल.

येत्या बुधवारी पुण्याला माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. आत गाठ आहे. बारामतीच्या डॉक्टरांना मी विचारले, ही पाण्याने झाली का. ते म्हणाले, "तसं निश्चित सांगता येत नाही." मी रागावलो नाही. सात वर्षांत आम्हाला आलेल्या प्रत्येक सरकारी कागदात हेच वाक्य आहे. डॉक्टरांनी निदान ते तोंडावर सांगितले.

मरणाचे मला फार वाटत नाही. बिरोबाने दिले तेवढे दिवस घ्यायचे. भीती आहे ती वेगळी. दूधओढ्यात साखर कारखान्याच्या मळीचे पाणी सोडण्याविरुद्ध पहिला अर्ज आमच्या वस्तीतील राम तात्यांनी केला होता. तात्या १९९२ साली वारले. तेराव्याच्या दिवशी त्यांची बायको गोजरबाई हिच्या हाती सरकारी कचेरीचा लिफाफा आला. आत लिहिले होते, "तक्रारदार मयत. सबब प्रकरण दप्तरी दाखल." तिला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हंजे ह्यांच्यासंगं पाणी बी सुदारलं म्हणायचं."

त्यानंतर तक्रार माझ्या नावाने चालू आहे. विहीर माझी, म्हणून तक्रारदार मी. मी गेलो तर तोच लिफाफा माझी बायको सारजा हिच्या हाती येईल. तो येऊ नये म्हणून हे लिहिणे आहे. बाकीची कलमे रीतीची आहेत.

कारखान्याचे नाव मी लिहीत नाही, कचेरीचेही नाही. दस्तलेखक म्हणाले, "रुपनवर, नाव लिवलं तर उद्या मृत्युपत्रावरच केस हुईल. वरचा कारखाना म्हणा. समद्यांना कळतंय."

कलम १. राहते घर, परसदार, गोठा व दोन म्हशी माझी पत्नी सारजा हिच्या नावे. घरात कोणी राहायचे ते तिने ठरवावे. तिने मला एकदाही "तक्रार सोडा" म्हटले नाही. दरवर्षी भांडी मात्र बदलायला लावली, कारण या पाण्याने पितळेला काळे डाग पडतात व ते चिंचेनेही निघत नाहीत.

कलम २. पोस्टातील बचतीचे पुस्तक तिचेच. ऑपरेशनला लागेल ते त्यातून जाईल, उरेल ते तिचे. त्यातून माझे दिवस मोठे करू नयेत.

कलम ३. ~~गट नंबर २१३ मधील वरची शेती मुलगा संभाजी याच्या नावे.~~ (खोडले आहे. कारण शेवटी लिहिले आहे. समासात माझी सही आहे.)

कलम ४. हत्यारे. लोकर कातरण्याची वडिलांची कातर धाकटा भाऊ बिरू यास द्यावी. आम्ही मूळचे मेंढपाळ. वडिलांनी कळप वाटून दिला तेव्हा बिरूने मेंढरे ठेवली. मी माझी विकून ओढ्याकाठचे हे रान, गट नंबर २१४, घेतले आणि दोन उन्हाळे खणून विहीर बांधली. म्हणून ही मिळकत स्वकष्टार्जित आहे आणि तिचे काय करायचे ते ठरवण्याचा मला हक्क आहे. बिरूची मेंढरे १९९१ च्या उन्हाळ्यात ओढ्याचे पाणी पिऊन मेली. कातर त्याच्या काही कामाची नाही, हे मला माहीत आहे. वडिलांची आहे म्हणून त्याला देतो.

डिझेल इंजिन कोणालाही देत नाही. त्याच्या आतले लोखंड या पाण्याने खाऊन टाकले आहे. ते भंगारात न घालता विहिरीजवळ तसेच ठेवावे. साहेब लोक येतात तेव्हा त्यांना टेकायला काहीतरी लागते.

कलम ५. कागदांचे गाठोडे मुलगी मनिषा हिला द्यावे. ती जळोचीला दिली आहे. दहावी शिकलेली असल्याने लग्नाआधीचे बहुतेक अर्ज तिच्याच अक्षरात आहेत. आमचा ओढा चुनखडीतून येतो. पूर्वी तो पांढरट दिसे म्हणून दूधओढा. १९९० नंतर तो काकवीच्या रंगाचा झाला, एवढे तिने माझ्या पहिल्या अर्जात लिहिले होते. मी पुढे इतके अर्ज केले, पण याहून चांगले वाक्य मला सुचले नाही.

त्या गाठोड्यात एक गोष्ट नाही, ती इथे लिहितो. तात्या हयात असताना आम्ही ओढ्याचे पाणी कॅनमध्ये भरून एस.टी.ने नेले होते. तात्या, मी, गोजरबाई आणि शेजारच्या प्रयागबाई. गाडी थोडी पुढे गेल्यावर लोकांनी खिडक्या उघडल्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय हाय ह्यात?"

"पानी," गोजरबाई म्हणाली.

"पान्याला असला वास?"

"त्येच इचारायला निघालोय."

"आन् हे तुमी पिता?"

"न्हाय बाबा. घरात शोभंला ठिवतो."

गाडीतले लोक हसले. कचेरीत मात्र कोणी हसले नाही. साहेब म्हणाले, नमुना सीलबंद नाही, हा पुरावा होत नाही, कॅन बाहेर ठेवा. आम्ही आत अर्ज देत होतो तोवर शिपायाने ते पाणी व्हरांड्यासमोरच्या जास्वंदीला ओतले. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा जास्वंद वाळली होती. मी साहेबांना बाहेर आणून दाखवली. त्यांनी एक वाळके पान तोडून पाहिले. मग म्हणाले, "कशाने वाळली, ते निश्चित सांगता येत नाही."

कलम ६. ज्यांचे माझ्याशी वाकडे आहे त्यांच्याविषयी. मृत्युपत्रात हे लिहीत नाहीत असे दस्तलेखक म्हणाले. पण मालमत्ता वाटायची तर हीही माझीच आहे.

१९९५ च्या मार्चमध्ये पुण्याहून पाणी तपासणारे साहेब आले. पाच वर्षांनी पहिल्यांदा माझ्या विहिरीचा नमुना सीलबंद होणार होता. त्याच आठवड्यात वस्तीत बोलणे पसरले, की पाणी चांगले आहे असे जो सांगेल त्याच्या घरात वरच्या कारखान्याची एक नोकरी. मी घाबरलो. आमच्यात शब्द पक्का करायचा असेल तर बेलभंडारा उचलतात. हातात बेलाचे पान आणि हळदीची चिमूट धरून बोललेला शब्द कोणी फिरवत नाही. सकाळी मी सतरा घरांचे सतरा कर्ते विहिरीवर बोलावले. प्रत्येकाने बेलभंडारा उचलून सांगितले, की पाणी चांगले आहे असे खोटे सांगणार नाही, कारखान्याच्या कोणत्याही कागदावर सही करणार नाही. विहिरीत साती आसरा, पाण्याच्या देवी आहेत, त्या ऐकतात. म्हणून तो भंडारा आम्ही त्यांना वाहिला. म्हणजे विहिरीत टाकला.

सतरा चिमटी.

साहेब तेव्हा लिंबाखाली कारखान्याच्या माणसांबरोबर चहा घेत होते. चहा झाल्यावर उठले, पाण्याच्या वरच्या थरातूनच बादली भरली, बाटली भरली, लाख लावली. मी बघत उभा होतो. मनात म्हणत होतो, आता देवाची साक्ष झाली.

पाच महिन्यांनी अहवाल आला. "नमुन्यात हळद आढळून आली. तक्रारदाराने नमुन्यात फेरफार केल्याचे दिसते. सबब नमुना अग्राह्य." खाली सही, शिक्का.

मी पुन्हा अर्ज केले. लिहिले, की हळद आमची, पण काळा रंग आमचा नाही, वास आमचा नाही. उत्तर आले, की एकदा फेरफार करणाऱ्या तक्रारदाराच्या विहिरीतून नमुना पुन्हा घेणे उचित नाही. दोन वर्षे मी तेच लिहितो आहे आणि ते तेच लिहीत आहेत.

या गोष्टीचा दोष कोणाचा, याचा मी पुष्कळ विचार केला. साहेबांचा म्हणावा तर त्यांनी बाटलीत आले तेवढेच भरले. देवाचा म्हणवत नाही. माझाच आहे. माणसांवर विश्वास नव्हता म्हणून मी देवाला मध्ये घातले आणि देवाला वाहिलेल्या हळदीनेच आमचे पाणी खोटे ठरले. यावर मी अजून बिरोबाशी बोललो नाही. देवळात जातो, हात जोडतो, पण हा विषय काढत नाही.

माजी सरपंच बापूसाहेब यांनी अहवाल आल्यावर चावडीवर सगळ्यांसमोर मला विचारले, "काय हळद्या, नवरी कुठली?" तेव्हापासून मी हळद्या आहे. इंदापूरच्या स्टँडवरसुद्धा एकाने या नावाने हाक मारली आणि मी ओ दिली. बापूसाहेबांच्या घरी नळ आहे, पाणी लांबून येते. त्यांना मी काही देणे लागत नाही. तरी गोठ्यातील हळदीचा डबा त्यांच्या घरी पोचवावा. निरोप सांगू नये.

बिरू याने अहवालानंतर दोनच महिन्यांनी कारखान्याच्या संमतीपत्रावर सही केली. कारखान्याला गट नंबर २१४ हवा आहे. तिथे मळीचा तलाव करायचा, विहीर बुजवायची, वस्तीला आठवड्याला टँकर द्यायचा. मी बिरूला विचारले, "बेलभंडारा उचलला होतास ना?"

तो म्हणाला, "दादा, ती शपथ नमुन्याबरूबरच बाद झाली की."

त्याला मी क्षमा केलेली नाही. दुसरी मेंढरे घ्यायला त्याच्याकडे काही नव्हते, हेही मला माहीत आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत व दोन्ही लिहून ठेवतो.

मुलगा संभाजी याच्याविषयी. त्याच दिवाळीत वरच्या कारखान्याने त्याला डिस्टिलरी विभागात कायम केले. त्याआधी तो तीन वर्षे हंगामी होता. मी त्याला म्हणालो, ही नोकरी तुला नाही दिली, माझे तोंड बंद करायला दिली. तो म्हणाला, "आबा, म्या न्हाय गेलो तर दुसरा जाईल. वास तेवढाच येणार." मग दोन वर्षे आम्ही विहिरीबद्दल बोललो नाही. तो कामावरून येतो तेव्हा त्याच्या कपड्यांना तोच वास असतो. तो बाहेर हातपाय धुतो, मग आत येतो. पाणी तेच असते.

कलम ७. माझ्या शेवटच्या आंघोळीला टँकरचे पाणी वापरू नये. विहिरीचे वापरावे. सारजा म्हणाली, "अवं, वासानं माणसं उठून जातील." उठून जाऊ देत. जी बसतील ती आपली.

कलम ८. हे मुख्य कलम आहे.

गट नंबर २१४, क्षेत्र वीस गुंठे, त्यातील विहिरीसह, मी कोणा एकाच्या नावे करीत नाही. एकाला दिली तर त्या एकाला नोकरी मिळेल, नाहीतर तो एक मरेल. दोन्ही प्रकारे प्रकरण दप्तरी दाखल होईल. म्हणून विहिरीचे सतरा समान हिस्से करून ते वस्तीतील सतरा घरांना देतो. आमच्याकडे विहिरीत हिस्सा असणे नवीन नाही. भाऊबंद पाळीने पाणी घेतात, सातबाऱ्यावर तशा नोंदी असतात. पण हे हिस्से घराच्या कर्त्याच्या नावे नाहीत. घरात पाणी भरणाऱ्या बाईच्या नावे आहेत. सही पुरुषाची होते, हंडा बाईच्या डोक्यावर असतो. ज्या दिवशी मी सतरा कर्त्यांना बेलभंडारा उचलायला लावला त्या दिवशी बायका हंडे घेऊन बाजूला उभ्या होत्या आणि आम्ही आटपण्याची वाट पाहत होत्या. तेव्हा हे माझ्या ध्यानात आले नाही.

नावांची यादी सोबत जोडली आहे. पहिले नाव गोजरबाई राम कोकरे. दुसरे प्रयागबाई. माझ्या घराचा हिस्सा सारजाचा. बिरूच्या घराचा हिस्सा बिरूचा नाही, त्याची सून नकोशी हिचा आहे. या पाण्याने तिच्या दोन्ही हातांवर चट्टे आहेत. चौथी मुलगी झाली म्हणून आईबापांनी तिचे हे नाव ठेवले. आता ते सातबाऱ्यावर मालक म्हणून लागेल. तलाठ्याने नाव विचारून हसू नये.

अट अशी, की सतराही जणींच्या सह्या असल्याशिवाय विहीर विकता, बुजवता किंवा कारखान्याला देता येणार नाही. दस्तलेखक म्हणाले, "ही अट कोर्टात टिकंलच असं न्हाय." मी म्हणालो, टिकेल तेवढी टिकू द्या. पण यादीची नक्कल कचेरीत पोचली, की तक्रारदार सतरा होतील. सतराजणी एका वेळी मयत होणार नाहीत. पुढचा नमुना घेतील तेव्हा विहिरीत कोणी काही वाहू नये. साती आसरांना नंतर वाहावे. त्या थांबतील.

इथवर शनिवारी लिहून झाले.

आज रविवार. सही करायची तर दोन साक्षीदार लागतात. दस्तलेखकांनी बजावले होते, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नका, उद्या शंका काढतील. हे मी यादी करताना विसरलो. सतरा घरांची वस्ती आणि सतराही घरांना विहीर दिली. आता वस्तीत साक्षीला माणूसच उरला नाही. बापूसाहेबांच्या आळीतून कोणी येणार नाही. मग आठवले हसन मुलाणी, आमचे टपालवाले, शेजारच्या गावचे. कचेरीचे सगळे लिफाफे सात वर्षे त्यांनीच आणले. निरोप धाडला तसे सायकलवर लगेच आले. म्हणाले, "माझी एक झाली. दुसरी कुनाची?"

संभाजी दारात बूट काढत होता. पहिल्या पाळीवरून आला होता. म्हणाला, "म्या घालतो."

मी म्हणालो, "तुझी चालत न्हाय. कलम तीननं वरची शेती तुला हाय."

"मग खोडा त्ये."

"आन् शेती?"

"मनीला द्या."

आमच्याकडे बहीण भावाला हक्कसोड लिहून देते. भावाने बहिणीसाठी हक्क सोडल्याचे मी पाहिलेले नाही. हसनभाई म्हणाले, "संभा, तुझी नोकरी तितंच हाय. ह्या कागदाची नक्कल कचेरीत जानार. तितनं वर जायला किती येळ?"

"जाऊ दे की," संभाजी म्हणाला. "तितलाच मानूस साक्षीला असला तर बरं. वस्तीतली समदी तक्रारदार. त्यांचं कोन ऐकतंय?"

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. दोन वर्षे हा गप्प राहिला आणि आज बोलला तो स्वतःच्या ताटातली भाकर काढून. आमच्या बाजूने खरे बोलायचे तर दरवेळी आमच्यातल्याच कोणालातरी काही सोडावे लागते. लिंबाखाली चहा पिणाऱ्यांनी अजून काही सोडलेले नाही. मी हे त्याला बोलून दाखवले. तो म्हणाला, "आबा, पेन द्या. म्हशीची धार काढायची हाय."

म्हणून कलम तीन खोडले. त्याऐवजी असे वाचावे : गट नंबर २१३ मधील वरची शेती मुलगी मनिषा हिच्या नावे. मुलगा संभाजी यास या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. त्याने ते स्वतः मागून घेतले आहे.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली.

सावळाराम म्हस्कू रुपनवर
(सही)

साक्षीदार :

१. हसन बादशाह मुलाणी, वय ५३, धंदा टपाल खाते.
(सही)

२. संभाजी सावळाराम रुपनवर, वय २५, धंदा

इथे मी त्याला "शेती" लिही म्हणालो. तो म्हणाला, "शेती कुठं ऱ्हायली, आत्ताच तर सोडली." आणि त्याने पुढचे स्वतःच्या हाताने लिहिले :

नोकरी, डिस्टिलरी विभाग, कायम.
(सही)

ठिकाण : आसरावस्ती, तालुका इंदापूर
दिनांक : ९ नोव्हेंबर १९९७